इन्सिडंट कमी झाले, असं कोण म्हणतं?

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मासिक आढाव्यात एक स्लाइड हमखास असते. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरत असलेल्या यंत्रणेत, त्या महिन्यात किती इन्सिडंट, म्हणजे नोंदवलेले बिघाड, झाले ते दाखवणारे खांब. खांब बुटके होत गेले की बैठकीत समाधान पसरतं, टीमचं कौतुक होतं आणि पुढच्या तिमाहीसाठी आणखी खालचं उद्दिष्ट ठरतं. या पद्धतीमागे एक ठाम मत आहे. ते मांडणारी माणसं अनुभवी आहेत, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं: जे मोजलं जात नाही ते सुधारत नाही. इन्सिडंट म्हणजे चूक, आणि चुका कमी होणं म्हणजे प्रगती. तेव्हा इन्सिडंटची संख्या आणि ते निस्तरायला लागलेला सरासरी वेळ हे दोन आकडे टीमच्या, मॅनेजरच्या आणि जमेल तिथे माणसाच्या मूल्यमापनाला जोडा.

मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं. नोंद ठेवावी की नाही, हा वादच नाही. ती ठेवलीच पाहिजे, आज ठेवतात त्याहून कितीतरी जास्त तपशिलाने. पण नोंदींच्या संख्येवर बक्षीस किंवा शिक्षा ठेवली की बिघाड कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात. स्लाइडवर या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

याचं कारण साधं आहे. इन्सिडंट स्वतःहून मोजला जात नाही. कुणीतरी माणूस ठरवतो की हा इन्सिडंट आहे, पी-वन, म्हणजे सर्वांत गंभीर, आहे की त्याखालचा पी-टू, आणि तो कधी सुरू झाला व कधी संपला. ज्याच्या अप्रेझलवर आकड्याचा परिणाम होणार त्याच माणसाच्या हातात हे ठरवणं असतं.

हिंजवडीतल्या सपोर्ट टीममध्ये काम केलेल्या कुणालाही पुढचा प्रसंग ओळखीचा वाटेल. मी तो जवळून पाहिला आहे. रात्री दोनच्या सुमाराचा ब्रिज कॉल, म्हणजे बिघाड निस्तरणाऱ्या सगळ्यांचा एकत्र फोन. परदेशातल्या एका ग्राहकाची पेमेंट अडकायला लागलेली. ऑन-कॉलवरची, म्हणजे त्या रात्री बिघाड सांभाळायची पाळी असलेली, मुलगी नोकरीत नवी, पण तिने लॉग नीट वाचले होते. ती म्हणाली, "सर, डेटाबेसची कनेक्शनं संपतायत. एक रिपोर्टचा जॉब कनेक्शन उघडतो आणि बंदच करत नाही, असं दिसतंय. पी-वन उघडू का?" पलीकडून मॅनेजरचा प्रश्न आला, "सगळी पेमेंट अडकलीत का?" ती म्हणाली, सगळी नाही, काही जातायत. "मग पी-टू. आणि आधी सर्व्हिस रीस्टार्ट कर, मग तिकीट उघड." तिने रीस्टार्ट केलं, कनेक्शनं मोकळी झाली, रांग पंधरा-वीस मिनिटांत ओसरली. तिकीट उघडलं तेव्हा बिघाड संपलेला होता, म्हणून ते पी-टू म्हणूनही राहिलं नाही, मॉनिटरिंगची किरकोळ बाब म्हणून बंद झालं. शेवटची ओळ होती: सर्व्हिस रीस्टार्ट केली, इश्यू रिझॉल्व्ह झाला. रिपोर्टच्या जॉबबद्दल तिला जे दिसलं होतं, ते कुठेच लिहिलं गेलं नाही.

त्या महिन्याच्या स्लाइडवर पी-वनचा खांब शून्यावर होता. पुढच्या महिनाअखेरीला, पगाराच्या दिवशी, तोच जॉब पुन्हा चालला आणि या वेळी रीस्टार्टने भागलं नाही. तोवर ती मुलगी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली होती. ब्रिजवर जमलेली मंडळी तासन्‌तास नेटवर्कमध्ये दोष शोधत राहिली, कारण कनेक्शनं संपतात ही गोष्ट आधी कुणालातरी कळली होती, हेच तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.

या प्रसंगात कुणी दुष्ट नव्हतं. मॅनेजरने कागदोपत्री खोटंही काही केलं नाही, सगळी पेमेंट खरंच अडकली नव्हती. आकड्याने त्याच्याकडून जे मागितलं होतं, ते त्याने दिलं.

यावर आकडेवाद्यांचं उत्तर तयार असतं: मग वर्गीकरणाचे नियम कडक करा, ऑडिट लावा. हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण ते फक्त नोंदवलेल्या किंवा नोंदवण्यासारख्या ठरलेल्या गोष्टींपुरतं चालतं. सगळ्यात मोलाची माहिती अजून इन्सिडंट न झालेल्या घटनांमध्ये असते. त्यांना कुठला नियम पकडणार?

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार कंपनीचं उदाहरण इथे सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण तिथल्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०१३ च्या आदेशात त्याचा तपशील मांडून ठेवला आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडल्यावर साधारण ४५ मिनिटांत या कंपनीच्या यंत्रणेने १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून जास्त व्यवहार केले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा केला. नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचं होतं, ते सातांवरच चढलं. आठव्यावर जुना कोड तसाच राहिला. त्यात ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग होता, जो २००३ पासून वापरात नव्हता पण काढलाही नव्हता. नव्या कोडने जो फ्लॅग, म्हणजे सुरू-बंदची खूण, वापरला, तोच पूर्वी पॉवर पेग सुरू करायचा. दुसऱ्या माणसाने डिप्लॉयमेंट तपासावं, असा लेखी नियम नव्हता. घाबरून सातही सर्व्हरवरचा नवा, बरोबर असलेला कोड काढून टाकला गेला, तेव्हा बिघाड आणखी वाढला.

हा भाग बहुतेकांना ऐकून माहीत असतो. त्याच आदेशातल्या दुसऱ्या दोन गोष्टी फारशा सांगितल्या जात नाहीत, आणि माझा मुद्दा त्यांच्यावरच उभा आहे.

पहिली. बाजार उघडण्याच्या दीड तास आधीपासून कंपनीच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ईमेल पाठवायला सुरुवात केली होती. त्यात ‘पॉवर पेग’चं नाव होतं. बाजार उघडेपर्यंत असे ९७ ईमेल गेले. पण हे ईमेल अलर्ट म्हणून बनवलेले नव्हते, ते आल्या आल्या वाचायची पद्धत नव्हती. कुठल्याही व्याख्येने सकाळी आठ वाजता तिथे इन्सिडंट नव्हता. त्या क्षणी स्लाइड काढली असती तर खांब शून्याचाच आला असता.

दुसरी. ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे वर्षभरही आधी नाही, याच कंपनीत एक वेगळा बिघाड झाला होता. आपत्कालीन चाचणीसाठी वापरलेला डेटा चाचणी संपल्यावरही यंत्रणेत राहिला, आणि सोमवारी त्यावरून खरे भाव दिले गेले. तोटा सुमारे ७५ लाख डॉलरचा. त्याची नोंद झाली, उपाय झाले: ती यंत्रणा बाजाराच्या वेळेपुरती मर्यादित केली, चेकलिस्टमध्ये चाचणीच्या डेटाबद्दल एक ओळ वाढवली. त्या इन्सिडंटपुरते उपाय चोख होते. पण बाजारात चुकीच्या ऑर्डरचा लोंढा जाऊ लागला तर तो थांबवणारं काही आपल्याकडे आहे का, हा व्यापक प्रश्न विचारला गेला नाही. आयोगाने नेमकं यावर बोट ठेवलं आणि १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला.

इन्सिडंटला एकच मूळ कारण, एकच मालक आणि एकच बंद करण्याची तारीख देणारी पद्धत असे व्यापक प्रश्न न विचारणारीच माणसं घडवते. तिकीट लवकर बंद होणं हेच यश असेल, तर ‘असंच आणखी कुठे होऊ शकेल?’ हा प्रश्न विचारणारा माणूस टीमचा आकडा बिघडवतो. आरसीएच्या, म्हणजे मूळ कारण शोधणाऱ्या अहवालाच्या, साच्यात त्या प्रश्नाला रकानाही नसतो.

सरासरी वेळेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे वाद उरलेलाच नाही. बिघाड निस्तरायला लागणारा वेळ काही मिनिटांपासून दिवसांपर्यंत पसरलेला असतो आणि घटना मुळात थोड्या असतात. एक लांबलेला बिघाड तिमाहीची सरासरी कुठल्या कुठे नेतो. गूगलमधले अभियंते श्तेपान दाविदोविच यांनी २०२१ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या खऱ्या नोंदी घेऊन संगणकावर हे पडताळून दाखवलं. प्रत्येक बिघाडाचा काळ मुद्दाम दहा टक्क्यांनी कमी केला, तरी पुष्कळ वेळा सरासरी वाढलेलीच दिसते. सुधारणा झाली असताना परिस्थिती बिघडली असं सांगणाऱ्या आकड्यावर माणसांचे बोनस ठरवणं हा अन्याय आहे.

आता आकडेवाद्यांच्या सगळ्यात भक्कम आक्षेपाकडे येतो: शिक्षेची भीती काढून टाकली तर जबाबदारीच राहणार नाही. सगळे म्हणतील यंत्रणेचा दोष, आणि निष्काळजी माणूस सुटेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रॉडक्शनवर चुकीची कमांड चालवणाऱ्याला काहीच वाटू नये, असं कुणालाच पटणार नाही.

पण प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा म्हणून कमांड दिली. ती चालली मुख्य डेटाबेसवर. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरलं होतं. शिक्षेच्या हिशेबाने प्रकरण इथेच मिटतं: माणूस सापडला, चूक सापडली, तिकीट बंद. कंपनीने तसं केलं नाही. सगळा तपशील जगासमोर ठेवला, दुरुस्तीचं कामही यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि अहवालात त्या माणसाचं नाव न देता फक्त ‘टीम सदस्य १’ असं लिहिलं. मग बाहेर आलं की रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण त्यांवर लागणारी सही नसल्याने ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी डेटा परत आला तो सहा तास आधी काढलेल्या एका स्नॅपशॉटमधून. तो स्नॅपशॉट दुसऱ्याच कामासाठी हाताने काढला होता, त्याच टीम सदस्य १ ने.

त्या माणसाला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं असतं तर कंपनीला काय मिळालं असतं? बॅकअप तसेच बंद राहिले असते. आणि टीममधल्या बाकीच्यांनी त्या दिवशी एक धडा घेतला असता: चूक झाली की आधी खुणा पुसायच्या.

मी ज्या जबाबदारीबद्दल बोलतो ती अशी: आपण काय केलं, का केलं आणि त्या क्षणी समोर काय दिसत होतं, हे सगळं सांगण्याची जबाबदारी. ती शिक्षेपेक्षा सोपी नाही. रात्री तीन वाजता आपण कोणता अंदाज बांधला आणि तो कसा चुकला, हे वीस जणांसमोर सांगायला धैर्य लागतं. जो माणूस लपवतो, जाणूनबुजून नियम मोडतो किंवा खोटं लिहितो, त्याच्यावर कारवाई जरूर व्हावी. चुकणं आणि लपवणं यांत फरक करता येत नसेल, तर त्या व्यवस्थापनाला जबाबदारी हा शब्द वापरायचा अधिकार नाही.

हा फरक विमान वाहतुकीने रक्त सांडून शिकलेला आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच मार्गावर, त्याच गैरसमजामुळे डोंगराला जेमतेम चुकवून गेलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोचली नाही. पुढे १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने किंवा नियंत्रकाने स्वतःच्या हातून घडलेली गोष्ट तिथे कळवायची, नावं काढून टाकली जातात, आणि ठरलेल्या मुदतीत कळवलं तर हेतुपुरस्सर नसलेल्या नियमभंगाचा दंड माफ होतो. नियामक संस्थेऐवजी हे काम नासाकडे मुद्दाम दिलं, कारण दंड करणाऱ्याच्या दारात कुणी आपली चूक घेऊन जात नाही. आज तिथे दरवर्षी लाखाच्या आसपास अहवाल येतात. त्या संख्येकडे बघून विमानप्रवास धोक्याचा झाला, असं कुणी म्हणत नाही.

उलट टोकाचं उदाहरण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं आहे. होरायझन या संगणक प्रणालीने दाखवलेल्या तुटीवरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक पोस्टचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. माणसं तुरुंगात गेली, दिवाळखोर झाली. प्रणाली बनवणाऱ्या फुजित्सूकडे ज्ञात दोषांची नोंद होती. बिघाड, त्यांची लक्षणं, उपाय, सगळं त्यात होतं. ही नोंद न्यायालयापुढे आणायला पोस्ट ऑफिसने आधी विरोध केला. ती आल्यावर, डिसेंबर २०१९ च्या निकालात, प्रणालीत दोष होते आणि त्यांमुळे हिशेबात तूट दिसू शकत होती, हे सिद्ध झालं. नोंद ठेवणारे आपलं काम करत होते. पण नोंद उघड होण्याचीच संस्थेला भीती वाटू लागली, आणि त्या भीतीची किंमत ज्यांनी कधी कोडची एक ओळही पाहिली नव्हती त्यांनी चुकवली.

आपल्याकडचा आक्षेप मात्र वेगळा असतो, आणि तो पुण्या-मुंबईतल्या सेवा कंपन्यांमध्ये मी सतत ऐकतो: हे सगळं स्वतःचं उत्पादन असलेल्यांना परवडतं. आमचा ग्राहक एसएलएमध्ये, म्हणजे सेवा करारात, पी-वनची संख्या लिहून देतो आणि ओलांडली तर बिलातून पैसे कापतो. आम्ही मोकळेपणाने नोंद केली तर आमचाच गळा कापला जाईल.

अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपायही आहे. ग्राहकाला खरं तर इन्सिडंटची संख्या नको असते. किती मिनिटं लोकांना पैसे भरता आले नाहीत, किती ऑर्डर फसल्या, हे त्याला हवं असतं. ते यंत्रणेतून थेट मोजता येतं, तिथे कुणाच्या वर्गीकरणाचा हात लागत नाही. दंड लावायचा तर त्यावर लावा. इन्सिडंटची नोंद करारातून बाहेर काढा आणि शिकण्यासाठी ठेवा. संख्या मोजूच नका, असं मी म्हणतच नाही. ग्राहकाला झालेला त्रास मोजा, आणि त्रास कसा झाला हे सांगणाऱ्या माणसाला मोजू नका.

उशीर दंडनीय करता येतो, हेही आपल्याच देशात दिसलं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि पुन्हा सुरू झाले दुपारी ३:४५ ला. बाजाराची वेळ संध्याकाळी पाचपर्यंत वाढवावी लागली. महिनाभरात सेबीने नियम घट्ट केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर अर्ध्या तासात ती आपत्ती म्हणून जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावर काम न्यायचं. जाहीर न करण्याला पुढे आर्थिक दंडही आला. सेबीच्या दंडव्यवस्थेत इतरही कलमं आहेत आणि ती सगळी मला मान्य नाहीत. पण बिघाड वेळेवर कबूल करणं हे स्वतंत्र कर्तव्य मानलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या सेवा करारांत याच्या नेमकं उलट चालतं: पी-वन लवकर जाहीर करणाऱ्याचं घड्याळ लवकर सुरू होतं आणि दंडही त्यालाच जास्त बसतो.

‘किरकोळ गोष्टीही नोंदवू लागलो तर पूर येईल’ ही तक्रारही येते. येईल, आणि नाइट कॅपिटलचे ९७ ईमेल हाच त्याचा पुरावा आहे: न वाचलेली नोंद काही कामाची नाही. म्हणून वाचणारा माणूस नेमा. प्रत्येक टीममध्ये आठवड्यातून काही तास एका अनुभवी अभियंत्याने फक्त या नोंदी वाचाव्यात, दोन तिकिटांतला सारखेपणा शोधावा, आणि या कामाला प्रोजेक्टच्या वेळापत्रकात जागा असावी. नोंदीत कारणाच्या रकान्याआधी बिघाड कसा कळला ते लिहा: मॉनिटरिंगने सांगितलं, की ग्राहकाचा फोन आला? ऑन-कॉलवरच्या माणसाने पहिले कोणते अंदाज बांधले आणि ते का सोडले, हेही लिहा. कुठे नुसत्या योगायोगाने वाचलो, ते लिहा. आणि मागच्या आरसीएत ठरलेली कामं झाली का, ते तारखेसह लिहा, कारण माझ्या पाहण्यातली बरीचशी ‘नवी’ संकटं जुन्या आरसीएतल्या अर्धवट राहिलेल्या कामांतूनच आलेली आहेत.

तेव्हा पुढच्या आढाव्यात ती खांबांची स्लाइड काढून टाका. तिच्या जागी ग्राहकांना झालेल्या त्रासाची मिनिटं ठेवा, आणि मागच्या सहा महिन्यांत ठरलेल्या पण न झालेल्या कामांची यादी, प्रत्येकापुढे ते कुणी आणि कोणत्या कामासाठी मागे टाकलं याच्या नोंदीसह. ती यादी ऑन-कॉलवरच्या माणसाने नाही, डिलिव्हरी हेडने वाचून दाखवावी.